रक्ताच्या रिपोर्टातली न वाचलेली ओळ

आपल्या प्रत्येकीच्या घरी एक फाईल असते. कपाटात साड्यांच्या घडीखाली, नाहीतर देवघराशेजारच्या फळीवर. तिच्यात मुलांची लसीची कार्डं, चष्म्याचे नंबर, सोनोग्राफीचे कागद आणि रक्त-लघवीचे जुने रिपोर्ट असं सगळं गुण्यागोविंदानं नांदत असतं. डॉक्टरांकडे निघताना ती फाईल शोधायची, रिक्षात मांडीवर धरून बसायचं आणि घरी आल्यावर पुन्हा साड्यांखाली सरकवायची, हे काम घरातल्या बाईचंच. मीही लग्न झाल्यापासून हे काम नेमानं करत आले. पण मैत्रिणींनो, आज तुमच्यापाशी कबूल करते, त्या फाईलमधला रक्ताचा एकही रिपोर्ट मी कधी पुरता वाचला नव्हता. मी वाचत होते फक्त हिमोग्लोबिन.

तुम्हीही तेच करता ना? आमच्या गोंदिया जिल्ह्यात तर त्याला कारणही आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांतून आहे. त्यामुळे ‘एचबी किती आहे?’ हा प्रश्न खेड्यातली न शिकलेली आजीबाईसुद्धा विचारते. पुढे डेंग्यूनं आणखी एक शब्द शिकवला, ‘प्लेटलेट’. झालं! रिपोर्ट आला की वरची एक ओळ पाहायची, खालची एक ओळ पाहायची आणि मधल्या सगळ्या ओळी डॉक्टरांसाठी सोडून द्यायच्या. त्या मधल्या ओळींनी मला जे शिकवलं, ते आज सांगायला बसले आहे. मी काही डॉक्टर नाही. बी.ए. झाले, तेही मराठी आणि इतिहास घेऊन, आणि शाळेत अर्धवेळ शिकवते. तेव्हा चुकत-माकत, विचारून-विचारून जेवढं कळलं तेवढंच सांगेन.

‘रिपोर्ट चांगला आहे’

एप्रिल २०२१ चे ते दिवस आठवतात ना? करोनाची दुसरी लाट. उन्हाळा नुकता तापायला लागलेला, रस्ते ओस आणि रात्रंदिवस रुग्णवाहिकेचा आवाज. आमच्या घरी आधी ह्यांना ताप आला आणि पाठोपाठ मामाजींना. मामाजी म्हणजे माझे सासरे, वय ६८. ह्यांचा ताप तीन दिवसांत उतरला. मामाजींचा मात्र उतरेना. चौथ्या दिवशी त्यांचं रक्त तपासायला दिलं. संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला. मी घाईघाईनं पाहिला. हिमोग्लोबिन १३ च्या वर, प्लेटलेट ठीक. मी देवापुढे साखर ठेवली, सासूबाईंना सांगितलं, ‘रिपोर्ट चांगला आहे’. नणंदेला, जावेला, माहेरी, सगळीकडे फोन करून हेच सांगितलं.

आज ती फाईल उघडली की त्याच कागदावर मधल्या दोन ओळी दिसतात. न्यूट्रोफिल ८६. लिम्फोसाइट ९. शेजारी बारीक अक्षरात छापलंय, की न्यूट्रोफिल साधारण ४० ते ७० टक्के असावेत आणि लिम्फोसाइट २० ते ४० टक्के. आकड्यापुढे ठळक खूणसुद्धा होती. पण ते डोळ्यांना दिसूनही मनाला दिसलं नाही.

सहाव्या दिवशी मामाजी न्हाणीघरापर्यंत गेले आणि परत येताना दाराला धरून उभे राहिले. बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर शेजाऱ्यांकडून आणलं, तर आकडा ९१. मग धावपळ. सुदैवानं बेड मिळाला. ऑक्सिजन लागला, इंजेक्शनं झाली, आणि अकरा दिवसांनी मामाजी घरी आले. निम्मे झाले होते, पण आले! त्यांच्या सुटीच्या कागदावर गोळ्यांची यादी होती. त्यात स्टेरॉइडची गोळीही होती, हळूहळू कमी करत बंद करायची. मी तो कागद जपून फाईलमध्ये लावला.

आणि नेमका तोच कागद माझ्या हातून एका चुकीचं कारण झाला. ते पुढे सांगते. त्याआधी त्या मधल्या ओळींत काय असतं ते पाहू.

पाच जावा एका घरच्या

रक्तात तांबड्या पेशी असतात तशा पांढऱ्या पेशीही असतात, हे शाळेत आपण पाठ केलेलं असतं. मोठ्या माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटर थेंबुकल्यात त्या साधारण ४ हजार ते ११ हजार असतात. पण ह्या पांढऱ्या पेशी सगळ्या एकसारख्या नाहीत. एका घरातल्या पाच जावांसारखे त्यांचे पाच प्रकार: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल. रिपोर्टात ‘डिफरन्शियल काउंट’ म्हणून जे छापलेलं असतं, ती ह्या पाचजणींची शेकड्याची वाटणी.

ह्यांचं काम काय, हे पहिल्यांदा ओळखलं मेच्निकॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं. साल १८८२. इटलीतल्या मेसिना गावी तो राहत होता. घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती आणि हा एकटाच सूक्ष्मदर्शक घेऊन बसला होता. स्टारफिश नावाच्या समुद्री जीवाच्या काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या पिल्लाला त्यानं गुलाबाचा काटा टोचला. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींचा घोळका जमलेला! शरीर आपलं रक्षण पेशींकडून करून घेतं, हे त्याला तिथं दिसलं. पुढे १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. घरची माणसं सर्कशीला गेली की आपण काय करतो? कपाट आवरतो. असो.

ह्या पाचजणींत मोठ्या दोघीच. न्यूट्रोफिल ह्या धावून जाणाऱ्या. कुठंही जंतू शिरला की पहिल्या पोचतात, समोर येईल त्याला गिळतात, स्वतःही मरतात. गळवातला पू म्हणजे बहुतांशी त्यांचीच मढी. लिम्फोसाइटचं तसं नाही. त्या ओळख पटवून काम करतात. कोणता विषाणू आहे ते पारखायचं, नेमक्या त्याच विषाणूनं बिघडवलेल्या पेशी शोधून मारायच्या, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायची आणि पुढच्या वेळेसाठी त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा, ही सगळी कामं त्यांची. त्यांच्यातल्या ‘टी’ पेशी छातीच्या हाडामागे असणाऱ्या थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतात. लहानपणी ही ग्रंथी चांगली मोठी असते आणि वय वाढतं तशी सुकत जाते. म्हणून नव्या रोगाशी झगडताना आपल्या नातवंडांपेक्षा आजोबांची दमछाक जास्त.

घरात साप निघाला, तेव्हा

हे सगळं मला समजावलं ते आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या डॉक्टर भाचीनं. मी घरी येऊन सासूबाईंना सांगू लागले, तर त्या म्हणाल्या, ‘मला समजेल असं सांग’. मग मी त्यांना सापाची गोष्ट सांगितली.

आमचा हा भाग धानाचा. पावसाळ्यात बांध्या भरल्या की साप घरात शिरणारच. समजा स्वयंपाकघरात साप निघाला. पहिली ओरड झाली की शेजारपाजारची माणसं काठ्या घेऊन धावतात. ते हवेतच, कारण साप कोपऱ्यात अडवून धरायला कुणीतरी पाहिजे. पण साप नेमका पकडणारा वेगळा. तो जाणता सर्पमित्र. तो येतो, साप कुठल्या जातीचा ते ओळखतो आणि भांड्याला भांडं न लागू देता त्याला उचलून नेतो. काठ्यावाले म्हणजे न्यूट्रोफिल. सर्पमित्र म्हणजे लिम्फोसाइट.

साध्या सर्दी-तापात होतं ते असं. काठ्यावाले येतात, सर्पमित्र येतो, साप जातो, माणसं घरी जातात. चार-आठ दिवसांत आपण उठून कामाला लागतो.

आजार गंभीर होतो तेव्हा मात्र उलटंच चित्र दिसतं. सर्पमित्र सापडेनासे होतात आणि काठ्यावाल्यांची गर्दी वाढत जाते. रिपोर्टात लिम्फोसाइट २० च्या खाली, १० च्या खाली उतरतात आणि न्यूट्रोफिल ८०-८५ च्या वर चढतात. करोनाच्या अगदी सुरुवातीला, जानेवारी २०२० मध्ये चीनच्या वुहान शहरातल्या पहिल्या ४१ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात २६ जणांच्या लिम्फोसाइट कमी भरल्या होत्या. हे करोनातच घडतं असंही नाही. २००३ च्या सार्सच्या साथीत हेच दिसलं होतं. २००९ साली स्वाइन फ्लू आला, आणि भारतातला त्याचा पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये आपल्या पुण्यातच झाला. त्या आजाराच्या गंभीर रुग्णांतही हेच दिसलं.

मग ह्या लिम्फोसाइट जातात कुठं? काही रक्तातून निघून फुप्फुसात, जिथं लढाई चालली आहे तिथं जातात. काही मरतात. आणि ज्या उरतात त्यांतल्या पुष्कळ थकून जातात. सतत जागरणानं आपण जशा डोळे उघडे ठेवून झोपेत असतो ना, तशा त्या रक्तात असतात पण काम करत नाहीत. इकडे हाडांच्या मगजाला वाटतं की आणखी माणसं धाडायला पाहिजेत. तो न्यूट्रोफिलची कच्ची, अर्धवट तयार झालेली पोरंसुद्धा रक्तात सोडू लागतो. मोनोसाइट चिथावणीचे निरोप धाडत सुटतात. ह्या निरोपांची रसायनं म्हणजे साइटोकाइन. डॉक्टर लोक ‘साइटोकाइनचं वादळ’ म्हणतात ते हेच. न्यूट्रोफिल जंतू अडकवायला स्वतःच्या आतल्या धाग्यांचं जाळं फेकतात. त्या जाळ्यात रक्तही गोठतं आणि गुठळ्या होतात. फुप्फुसातल्या हवेच्या नाजूक पिशव्या सुजतात, पाण्यानं भरतात, आणि माणसाला श्वास पुरत नाही. साप असेल एखादा, पण काठ्यांनी सारी उतरंड फुटलेली असते!

सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘म्हणजे बाई, रोगानं कमी आणि आपल्याच माणसांनी जास्त मारलं’. शंभर टक्के नाही, पण पुष्कळसं तसंच.

तीच गोळी, दिवस वेगळा

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते.

एप्रिलच्या अखेरीस माझ्या माहेराहून, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गावातून, काकूचा फोन आला. काकाजींना कालपासून ताप आहे. दवाखान्यात जायला ते तयार नाहीत, जाऊन तरी बेड कुठं आहे? ‘तुझे सासरे बरे झाले ना, त्यांना कोणती औषधं दिली त्याचा फोटो धाड.’ मी क्षणभरही विचार केला नाही. कुणाच्या उपयोगी पडतोय याचंच समाधान वाटलं. सुटीच्या कागदाचा फोटो काढला आणि पाठवला. त्या दिवसांत असे फोटो घरोघर फिरत होते, तुमच्याही मोबाईलवर आले असतील. काकाजींनी ती स्टेरॉइडची गोळी तापाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू केली. त्यांना आधीच साखरेचा आजार होता.

दोन दिवस त्यांना फार बरं वाटलं. ताप गेला, भूक लागली. काकूनं फोन करून मला आशीर्वाद दिले. आठव्या दिवशी मात्र दम लागला. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर ४०० च्या वर होती. मे महिन्यात काकाजी गेले. वय अठ्ठावन्न.

मी त्या डॉक्टर मुलीला विचारलं, ‘माझ्या कागदानं झालं का हे?’ तिनं खोटा दिलासा दिला नाही आणि दोषही दिला नाही. म्हणाली, ‘एका माणसाच्या बाबतीत असं कुणीच सांगू शकत नाही. गोळी न घेताही साखरेचे कितीतरी रुग्ण गेले. पण ती गोळी त्या दिवशी द्यायची नव्हती, एवढं मात्र खरं.’

ते का, हे सापाच्या गोष्टीवरून लगेच कळतं. स्टेरॉइड काय करतं? सगळ्यांना घरी जायला सांगतं. काठ्यावाल्यांना शांत करतं, पण सर्पमित्रालाही थोपवतं. विषाणूचा जोर असतो पहिल्या आठवड्यात. तेव्हा साप जिवंत आहे, घरात हिंडतो आहे, लिम्फोसाइटची खरी गरज तेव्हाच. त्याच वेळी त्यांना परत पाठवलं तर साप मोकळाच! ताप उतरतो, अंगदुखी थांबते, माणसाला वाटतं औषध लागू पडलं. खरं तर आरडाओरड तेवढी थांबलेली असते. दुसऱ्या आठवड्यात चित्र बदलतं. विषाणू बहुधा ओसरलेला असतो, पण काठ्या चालूच असतात. तेव्हा गर्दीला आवरणारं हेच औषध जीव वाचवतं. मामाजींना वाचवायला तेही होतं.

ही नुसती माझी उपमा नाही. इंग्लंडमध्ये ‘रिकव्हरी’ नावाची मोठी चाचणी झाली आणि १६ जून २०२० रोजी तिचा निकाल जाहीर झाला. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड २,१०४ रुग्णांना दिलं आणि ४,३२१ रुग्णांना न देता नेहमीचे उपचार केले. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत मृत्यू सुमारे एक-तृतीयांशानं घटले, ऑक्सिजनवर असलेल्यांत सुमारे एक-पंचमांशानं. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना? काहीच फायदा दिसला नाही, उलट नुकसानाची शंका आली. म्हणजे काकाजींनी गोळी सुरू केली त्याच्या दहा महिने आधीच हे जगाला ठाऊक होतं. मे २०२१ च्या सुरुवातीला दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनीही सांगितलं, की सौम्य आजारात सुरुवातीलाच स्टेरॉइड घेतलं तर विषाणू वाढायला मदत होऊ शकते. पण ते आमच्या घरापर्यंत पोचायला उशीर झाला होता.

त्याच उन्हाळ्यात ‘काळी बुरशी’ हा शब्दही आपण ऐकला. म्युकरमायकोसिस. तिचे सर्वांत जास्त रुग्ण सापडलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. वाढलेली साखर, त्यात स्टेरॉइड आणि थकलेल्या पांढऱ्या पेशी, असा तिहेरी योग जुळला की ही एरवी निरुपद्रवी बुरशी नाका-डोळ्यांत घर करते. कित्येकांचे डोळे काढावे लागले. औषध वाईट नव्हतं, भगिनींनो. चुकीच्या दिवशी, चुकीच्या माणसाला, न विचारता दिलेलं औषध वाईट होतं.

मग आपण काय पाहायचं?

पहिली गोष्ट, तापाचा पहिला दिवस कागदावर लिहून ठेवा. साधी वाटते, पण डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात आणि आपण उत्तर देतो, ‘झाले असतील तीन-चार दिवस’. कोणतं औषध कोणत्या दिवशी द्यायचं ते ह्या एका तारखेवर ठरतं. आमच्याकडे आता कॅलेंडरवरच लिहितात. दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी ‘बाळूला ताप, पहिला दिवस’.

दुसरी, रिपोर्ट आला की हिमोग्लोबिनसोबत न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट ह्या दोन ओळीही वाचा. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागायचं. ६० आणि ३० असतील तर उत्तर २. धडधाकट माणसाचं उत्तर साधारण १ ते ३ च्या दरम्यान येतं. मामाजींचं आलं होतं ८६ भागिले ९, म्हणजे साडेनऊ! एवढं गणित तर आपण भाजीवाल्यासमोर उभ्या-उभ्या करतो. भागाकार मोठा आला तर घाबरायचं नाही, पण ‘रिपोर्ट चांगला आहे’ असं परस्पर ठरवायचंही नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा.

मात्र ह्या भागाकारावरून स्वतः निदान करू नका. जिवाणूंच्या साध्या संसर्गातही न्यूट्रोफिल वाढतात. स्टेरॉइड चालू असेल तर त्यामुळेही न्यूट्रोफिल वाढलेले आणि लिम्फोसाइट घटलेल्या दिसतात, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा. आणि लहान मुलांत लिम्फोसाइट मुळातच जास्त असतात, तेव्हा मुलाचा रिपोर्ट मोठ्यांच्या मापानं मोजू नका.

तिसरी, एका रिपोर्टपेक्षा दोन रिपोर्ट जास्त सांगतात. लिम्फोसाइट उतरत चालल्या आहेत की वर येताहेत, हे शेजारी-शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. मामाजींच्या सुटीच्या रिपोर्टात त्या २२ वर आल्या होत्या. माणूस सावरू लागला की सर्पमित्र परत येतात. म्हणून जुना कागद फेकू नका आणि फाईलमध्ये तारखेनुसार लावा.

चौथी, श्वासावर लक्ष. ऑक्सिमीटरचा आकडा बसल्या जागी ९४ च्या खाली गेला, किंवा घरातल्या घरात सहा मिनिटं चालवल्यावर तीनपेक्षा जास्तीनं उतरला, तर रिपोर्टची वाटही पाहू नका. आधीच दम लागत असलेल्या माणसाला मात्र चालवून पाहू नका, सरळ दवाखान्यात न्या. आपल्याकडून नागपूर गाठायचं म्हणजे रेल्वेनं सुमारे १३० किलोमीटर. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या घरांना तेही लांबच. तेव्हा ‘रात्रभर पाहू, सकाळी नेऊ’ हे आपल्याला परवडणारं नाही. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर अधिकच जपा, कारण संसर्गाशी झुंजायला मदत करणारी त्यांची प्लीहा बहुधा अधू झालेली असते.

आणि पाचवी, सर्वांत महत्त्वाची. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला देऊ नका. आपल्यात हळद-कुंकू द्यावं, विरजण द्यावं, लोणच्याची बरणी द्यावी. औषधाची चिठ्ठी देऊ नये. ती एका माणसाची, एका दिवसाची असते.

आठवण ठेवणाऱ्या पेशी

इतकं वाचून मन उदास झालं असेल, म्हणून एक चांगली गोष्ट सांगते. साप गेल्यावर सर्पमित्र घरी जातो, पण विसरत नाही. आजारातून उठल्यावर काही लिम्फोसाइट ‘आठवण’ म्हणून शरीरात राहतात. २००३ साली सार्समधून वाचलेल्या लोकांत सतरा वर्षांनी, २०२० मध्येही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्या. त्याहून नवल म्हणजे, १९१८ च्या मोठ्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतून लहानपणी वाचलेल्या म्हाताऱ्यांच्या रक्तात नव्वद वर्षांनी, २००८ साली, त्या जंतूला ओळखणाऱ्या पेशी निघाल्या! आपण काल गॅसवर काय ठेवलं होतं ते विसरतो आणि ह्या पेशी नव्वद वर्षं चेहरा विसरत नाहीत.

लस म्हणजे दुसरं काय? खरा साप न आणता सर्पमित्राला सापाचं चित्र दाखवून ठेवणं. आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ ला करोनाची लस सुरू झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं कोविशील्ड बनवली आणि कोव्हॅक्सिनसाठीचा विषाणू पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेनं दिला. एप्रिलमध्ये पंचेचाळिशीवरच्या सर्वांना ती मिळू लागली होती, पण आमच्या मामाजींनी ‘पाहू पुढच्या आठवड्यात’ म्हणून राहू दिली आणि काकाजींच्या गावात सुईची भीती होती. आता ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं ती आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, तरी फ्लू दर वर्षी येतोच. साठीच्या पुढच्या, साखरेच्या, दम्याच्या माणसांसाठी फ्लूच्या लशीबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा. मामाजी आता न चुकता घेतात आणि परत येताना स्वतःच फाईलमध्ये नोंद करतात.

काकाजींच्या वर्षश्राद्धाला मी माहेरी गेले तेव्हा मनाशी ठरवून गेले होते. जेवणावळ झाल्यावर परसात काकू भांडी घासत होती. तिच्याजवळ बसले आणि तो कागद, ती गोळी, तो दुसरा दिवस, सगळं सांगितलं. सांगताना माझेच हात थरथरत होते. काकू बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, ‘कागद तू धाडला, पण मांगला तर मीच होता ना बाई. दोघींनाही माहीत नव्हतं.’ थोड्या वेळानं हात धुऊन पदराला पुसत म्हणाली, ‘तू शाळेत शिकवतेस. ज्या बायांना माहीत नाही त्यांना सांग.’

तेच सांगितलं, मैत्रिणींनो. आज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की ती फाईल काढा. घरातल्या एखाद्याचा जुना रिपोर्ट उघडा आणि मधल्या दोन ओळींवर बोट ठेवा. घरात सगळे बरे आहेत, तेव्हाच ओळख करून घेतलेली बरी.